जेट्टीपासून पाण्यापर्यंत

जेसीबीच्या बकेटपुढं कौसाबाई मांडी घालून बसली होती. डोक्यावर पदर, हातात खुरपं. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. त्याला कसलीच घाई नव्हती, त्याचं भाडं तासावर चालू होतं. घाई होती ती साळुंके सरांना. पांढरी टोपी घालून, फोन कानाला लावून ते बांधावर येरझारा घालत होते, आणि वाजत होता तो माझाच फोन.

"सर, मी तुमच्या मागंच उभी आहे. फोन ठेवा."

"बरं झालं आलात मॅडम. ह्या बाईंना समजावा जरा. आमच्याकडं रीतसर परवानगी आहे."

"परवानगी बोटी चालवायची आहे सर. टरबुजावरून जेसीबी घालायची नाही."

"अहो, मग बोटीपर्यंत जायचं कसं? उडत?"

उन्हातनं चालून माझे गुडघे बोलायला लागले होते. जीप दुरुस्तीला गेलेली, त्यामुळं फाट्यापासून बाबूभाईच्या मोटरसायकलवर मागं बसून आणि भिंतीपासून पुढं पायी आले होते. बाबूभाई म्हणजे आमचा तलावावरचा चौकीदार. पाणी किती आहे ते रोज पट्टीवर बघायचं आणि मला कळवायचं हे त्याचं काम. सकाळी त्यानं पाण्याची पातळी सांगितली नाही, थेट म्हणाला, "मॅडम, जल्दी या. कौसाबाई मशीनच्या आडवी बसलीय."

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. म्हणजे धरणावरची सगळ्यात खालची इंजिनिअर. वरचे सगळे मला विचारतात आणि खालचे सगळे मला बोलतात. निवृत्ती तोंडावर आली होती. कळंबला घरी जाऊन निवांत झोप काढायची, एवढीच एक इच्छा उरली होती. आणि नेमकं तेव्हाच हे बोटिंगचं लचांड माझ्या गळ्यात पडलं.

आमचा पाथरदऱ्याचा तलाव नळदुर्गच्या रस्त्यावरून आत, बालाघाटाच्या डोंगरात आहे. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला मातीची भिंत. एका चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव काठोकाठ भरला, त्याचे फोटो कुणीतरी मोबाइलवर फिरवले, आणि बघता बघता समोरच्या डोंगरउतारावर प्लॉट पडले. पुण्याचे, सोलापूरचे, बरेचसे रिटायर झालेले लोक तिथं टुमदार बंगले बांधून राहायला आले. त्यांची होमओनर्स सोसायटी झाली. साळुंके सर तिचे चेअरमन. कॉलेजचे प्राचार्य म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं समोरच्याला विद्यार्थी समजूनच बोलायचे.

सोसायटीनं बोटिंगची परवानगी मागितली. स्वतःसाठी, आणि रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी. खात्यानं दिली. प्यायचं पाणी आहे म्हणून इंजिनच्या बोटी नाहीत, फक्त वल्ह्याच्या आणि पायडलच्या. लाइफ जॅकेट सक्तीचं. पाण्यापर्यंत जायची-यायची सोय सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायची.

त्यांनी सोय केली. काँक्रीटची जेट्टी बांधली, म्हणजे बोटीत चढायचा धक्का. कठडे, दिवे, बसायला बाकं. दसऱ्याच्या सुमाराला तलाव भरलेला होता तेव्हा नारळ फोडून उद्घाटन केलं. मी पण होते. पेढा हातात देताना त्यांच्या कन्सल्टंटला मी विचारलं होतं, "ही जेट्टी पाण्याबरोबर खाली जाणार का?"

तो हसला. "मॅडम, लेव्हल तर तुमच्याच ऑफिसातनं घेतलीय."

खरं होतं त्याचं. त्यानं घेतली होती ती फुल टँक लेव्हल. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथं टेकतं ती रेघ. नकाशावर निळा रंग त्या रेघेपर्यंत भरलेला असतो, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं की पाणी बारा महिने तिथंच असतं. कप्पाळ असतं! मराठवाड्यातला तलाव म्हणजे रांजण. पावसाळ्यात भरायचा आणि उन्हाळा सरेपर्यंत पुरवून पुरवून संपवायचा. कालव्याला पाणी सोडलं की पाणी हटतं, ऊन तापलं की आणखी हटतं.

संक्रांतीला पाण्यानं जेट्टी सोडली. तेव्हापासून माझा फोन सुरू झाला. "मॅडम, आमचं पाणी कुठं गेलं?" "कालव्यात गेलं." "कधी परत येईल?" "पाऊस पडल्यावर." एका बाईंनी तर मला विचारलं की कालवा शनिवार-रविवार बंद ठेवता येईल का. फेब्रुवारी सरताना जेट्टी रखरखीत उन्हात उभी होती, तिच्या सावलीत शेरडं रवंथ करत होती, आणि पाणी पार खाली लांबवर चकाकत होतं.

आता जेट्टी आणि पाणी ह्यांच्या मधे काय होतं ते सांगते, कारण घोडं तिथंच अडलं होतं.

पाणी हटलं की खाली ओला, काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात बी टोकलं की विचारू नका, खत लागत नाही, पहिलं पाणीही लागत नाही. ह्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी तलावात बुडाल्या त्यांना ही गाळाची जमीन हंगामापुरती कसायला द्यायची अशी पद्धत आहे. वाटणीही न्यारीच. प्रत्येक घराचा पट्टा वरच्या काठापासून थेट पाण्यापर्यंत उभा. पाणी जसं खाली सरकेल तसा पट्टा लांबतो आणि माणूस पाण्याच्या मागं मागं पेरत जातो. वर हरभरा, त्याच्या खाली टरबूज, आणि पाण्याला लागून काकडी नाहीतर भाजी. सगळा काठ अशा पट्ट्यांनी भरलेला, फणीच्या दातांसारखा. तिथं मोकळी जागा अशी नसतेच.

जेट्टीच्या बरोबर खाली कौसाबाईचा पट्टा होता. टरबुजं नारळाएवढी झाली होती. आणखी थोडे दिवस, की व्यापारी टेम्पो घेऊन येणार. वर्षाचं तिचं जे काय होतं ते त्या वेलांवर होतं. आणि सोसायटीला तिथून मुरूम टाकून गाडी जाईल असा रस्ता पाहिजे होता, कारण रविवारी सोलापूरहून पाहुणे येणार होते. गाडीचा रस्ता झाला असता तर पट्ट्यात एक वेल शिल्लक राहिला नसता.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "मशीन वर घे. ही जमीन खात्याची आहे आणि खात्याची मी इथं उभी आहे."

त्यानं साळुंके सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बिडी विझवली आणि मशीन मागं घेतलं. कौसाबाई तरी उठली नाही.

"उठा कौसाबाई. गेलं ते."

"गेलंय ते दिसतंय. पुन्हा यील. म्या हितंच हाय."

तेवढ्यात कार्यकारी अभियंत्यांचा, म्हणजे आमच्या साहेबांचा फोन आला. म्हणजे तक्रार माझ्या आधी वर पोचली होती.

"मॅडम, काय चाललंय तिथं? चार वेलांसाठी सगळं अडवून धरलंय म्हणे."

"साहेब, गाळपेर तिला आपणच दिलंय."

"मग आपणच समजावायचं. तुम्ही बाईमाणूस आहात, तुमचं ऐकेल ती."

"तिला समजावायचं, म्हणजे नेमकं काय सांगायचं?"

"ते तुम्ही बघा ना! थोडं ॲडजस्ट करा. मला रविवारी पुन्हा वरून फोन यायला नको."

ॲडजस्ट. उभ्या नोकरीत हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की ऐकला की दाढ दुखते. ॲडजस्ट करा म्हणजे वरच्या माणसाचं करा आणि खालच्याला सांगा. मी फोन पिशवीत टाकला आणि जेट्टीच्या सावलीत शेरडांशेजारी जाऊन बसले. खरंच बसले. बाबूभाईनं पाण्याची बाटली दिली.

साळुंके सर माझ्या मागोमाग आले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"मॅडम, तुम्हाला वाटत असेल, म्हातारपणी ह्यांना बोटींची हौस सुचलीय."

"मला काही वाटत नाही सर. मी दमलेय."

"माझ्या मिसेसना अर्धांगवायू झालाय. नलिनीला. डावी बाजू गेली. पुण्यातला फ्लॅट विकला तो इथल्या पाण्यासाठी. दिवाळीत रोज संध्याकाळी मी तिला बोटीत न्यायचो. ती म्हणायची, बोटीत बरं वाटतं, तिथं सगळेच बसलेले असतात." ते थोडं थांबले. "संक्रांतीपासून ती खिडकीत बसून नुसतं पाणी बघते. व्हीलचेअर चिखलातनं जात नाही. गाडीचा रस्ता कशाला पाहिजे म्हणता, ह्याला पाहिजे."

झालं. आता मला त्यांचा रागही धड करता येईना. माणूस नुसता वाईट असला की आमचं काम सोपं असतं. इथं दोन्हीकडचं खरं होतं, आणि मधे मी.

बाबूभाईला घेऊन सगळा काठ पालथा घातला. डाव्या हाताला नुसता कडा, शेरडूसुद्धा जपून उतरतं. उजव्या हाताला धरणाची भिंत आणि पाणी सोडायचा दरवाजा, तिथं परक्या माणसाला मज्जाव. मधे पट्टेच पट्टे. कुठूनही रस्ता काढा, कुणाच्या तरी पिकावर पाय पडणार. परत येताना कौसाबाईच्या पट्ट्याच्या कडेला मी थबकले. तिचा पट्टा आणि शेजारचा पट्टा ह्यांच्या मधे एक उभी पट्टी नुसती गाजरगवतानं माजली होती. वरून थेट पाण्यापर्यंत. रुंदी चांगली, दोन माणसं शेजारी चालतील एवढी.

"बाबूभाई, ही जागा कुणाची?"

"तिकडं नक्को बघू मॅडम. वो झगडे की जगह है."

"कुणाचा झगडा?"

"इकडं कौसाबाई, तिकडं सुभद्राबाई. सख्ख्या जावा. बोलणं बंद हाय त्यांचं. लई पुरानी बात."

मग त्यानं सगळं सांगितलं. तलाव व्हायच्या आधी दोघा भावांची जमीन इथंच खाली होती, आणि दोघांत एक सामाईक विहीर. पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या. बारी म्हणजे पाळी. आज थोरल्याची, उद्या धाकट्याची. एकदा सुभद्राबाईच्या बारीला दिवसभर लाइट आली नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा बारी कौसाबाईची. सुभद्राबाई म्हणाली, कालचं माझं पाणी बाकी आहे. कौसाबाई म्हणाली, लाइट गेली त्याला मी काय करू. त्यावरून दोघींची जी जुंपली ती जुंपलीच. पुढं धरण झालं. जमीन गेली, विहीर गेली, यथावकाश दोघींचे नवरेही गेले. विहीर पाण्याखाली बुडाली, बारीचं भांडण तेवढं बुडालं नाही. गाळपेराला जुन्या हद्दीप्रमाणं पट्टे दिले, त्यामुळं पट्टे पुन्हा शेजारी शेजारीच आले. मधला बांध माझा, असं दोघी म्हणतात. एकीनं तिथं काही टोकलं की दुसरी उपटून टाकते. म्हणून तिथं कुणाचंच काही उगवत नाही.

मी त्या गाजरगवताकडं बघत उभी राहिले. दुपारची वेळ, डोकं भणभणत होतं, आणि मला एकदम हसू आलं. बाबूभाईला वाटलं, मॅडमला ऊन लागलं.

मी पहिल्यांदा कौसाबाईकडं गेले. ती अजून तिथंच बसलेली. मीही खाली बसले.

"तुमच्या एका वेलाला कुणी हात लावणार नाही. गाडीचा रस्ता होणार नाही. मला फक्त ती मधली पट्टी द्या, पायवाटेला."

"ती माजी हाय."

"हो. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"तिला इचारणार?"

"तुम्ही काय म्हणता?"

"तिचा काय संबंद! तिला इचारायचं कामच न्हाय." मग तिनं खुरप्यानं एक ढेकूळ फोडलं आणि जरा विचार केला. "त्या वाटंवर ती पेरंल?"

"वाटेवर कुणीच पेरणार नाही. तुम्ही पण नाही."

"तिच्या घशात जाण्यापरीस बंगलेवाल्यांच्या पायाखाली जाऊ द्या."

सुभद्राबाई खाली पाण्याच्या कडेला काकडीला पाणी देत होती. वयानं जरा लहान, अंगानं किरकोळ, तोंडानं मात्र दांडगी.

"तिनं दिली म्हंता? तिची हाय कुटं द्यायला? आमच्या वाटणीतली हाय ती."

"मग तुम्ही द्या."

"म्या देते! लिवा, सुबद्रानं दिली म्हून लिवा."

"लिहिते."

"आन् तिनं तितं काय पेरलं तर म्या उपटणार. आदीच सांगून ठिवते."

माझं अर्धं काम झालं होतं. पण एवढं सरळ कुठलं व्हायला! मी वर यायला निघाले तर कौसाबाईनं हाक मारली.

"म्याडम, माजं एक काम करा."

"बोला."

"मला एकदा त्या बोटीत बसवा. माज्या हिरीवर न्या. इतकी वर्सं काटाला बसून पाणी बगते, आत कदी गेले न्हाय. नांदायला आले तवा पयला हंडा त्या हिरीतनं भरलाय म्या. एकदा वरनं तरी बगू द्या."

मी हो म्हटलं. आणि आमचा बाबूभाई! त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत ते सुभद्राबाईला कळलं आणि तिचा निरोप आला, कौसाबाई जाणार असंल तर म्याबी जाणार, न्हायतर वाट बंद.

संध्याकाळी साळुंके सरांच्या व्हरांड्यात बसले. चहा झाला. सांगितलं, मशीन चालणार नाही. माणसं लावून गवत काढायचं, पाट्यांनी मुरूम टाकायचा, धुम्मसानं दाबून घट्ट करायचा. व्हीलचेअर आरामात जाईल. जेट्टी राहू द्या फोटोला. खाली पाण्यावर प्लॅस्टिकच्या ड्रमांवर फळ्या बांधून तरंगता धक्का करा, पाणी हटलं की तो खाली सरकवायचा.

"कोण सरकवणार?"

"तुम्ही. सगळे मिळून. रोज सकाळी वॉक करताच की."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पटलं होतं, पण लगेच हो म्हणायची सवय नव्हती. मग मी दोघींच्या बोटीतल्या फेरीचं सांगितलं, आणि तिथं माशी शिंकली.

"असं कसं मॅडम? बोटिंग मेंबर्स आणि त्यांच्या व्हिजिटर्ससाठी आहे. आज ह्या दोघी, उद्या सगळं गाव येईल. कमिटीत ठेवावं लागेल."

माझा पारा चढला. दिवसभर उन्हात साठलेलं सगळं बाहेर आलं.

"कमिटी? सर, तुम्ही बोटीत बसून ज्याच्यावर तरंगता, त्याच्या खाली त्यांचं शेत आहे. चूल आहे, विहीर आहे. त्यांना विचारायला कुठली कमिटी आली होती? आज त्या स्वतःहून वाट देतायत आणि तुम्ही त्यांना व्हिजिटर म्हणता? व्हिजिटर आपण आहोत. तुम्ही आणि मी!"

बोलून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. मी कप खाली ठेवला. तेवढ्यात आतून व्हीलचेअरचा आवाज आला. नलिनीताई उजव्या हातानं चाक ढकलत दारात आल्या. बोलणं थोडं जड झालेलं, पण स्पष्ट.

"त्या माझ्या बोटीत येतील," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर. तुमची कमिटी बसू दे तोवर."

साळुंके सरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. व्हरांड्यात ऊन नव्हतं, तरी.

रविवारी वाट तयार होती. लाल मुरमाची, दोन्ही बाजूंना टरबुजाचे वेल. एकही वेल तुटला नव्हता, मी दोनदा बघून आले. सोलापूरचे पाहुणे वर चहा घेत होते. पहिली फेरी नलिनीताईंची. तलावात मासे धरणारा गणपत वल्ह्यावर होता. सर आणि गणपत दोघांनी मिळून नलिनीताईंना उचलून बोटीत बसवलं. मग कौसाबाई चढली. मग सुभद्राबाई. नऊवारीवरून नारिंगी लाइफ जॅकेट घालताना दोघींनी बाबूभाईला भंडावून सोडलं. बोट हलली तशी दोघींनी एकाच वेळी काठ घट्ट धरला, पण तोंडं दोन दिशांना. मधे मी आणि नलिनीताई. मला बोटीत बसायचं नव्हतं, पण ह्या दोघींना एकत्र पाण्यात पाठवायची हिंमत कुणात होती?

पाणी शांत होतं. नलिनीताईंनी चांगला हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठं होती तुमची विहीर?"

"हितं," कौसाबाईनं डावीकडं बोट दाखवलं.

"तितं," सुभद्राबाईनं उजवीकडं.

गणपतनं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, देवा, आता इथं पण बांध! मी त्याला खुणेनं सांगितलं, मधोमध ने बाबा.

त्यानं मधोमध नेली आणि वल्हं थांबवलं. कौसाबाईनं पदराखालून नारळ काढला, पाण्यात सोडला आणि हात जोडले. सुभद्राबाईनं ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. दोघी वाकून खाली बघत होत्या. खाली दिसणार काय? हिरवट पाणी, नुसतं पाणी.

आणि मग सुभद्राबाई, खाली बघत बघतच, म्हणाली, "अक्का, आपल्या हिरीला एवढं पाणी कदी लागलं न्हाय."

कौसाबाई हलली नाही. नारळ हेलकावे खात लांब चालला होता, ती त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही हिनं. मग ती एकदम म्हणाली, "आज बारी कुणाची हाय गं?"

"तुमचीच हाय. घ्या भरून."

आधी कौसाबाई हसली. मग सुभद्राबाई. बोट डुलायला लागली इतक्या हसल्या, आणि हसता हसता दोघींचा बांध फुटला. सुभद्राबाईनं माझ्या अंगावरून हात लांब करून जावेचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. नलिनीताईंना काय झालं ते कळलं नव्हतं, त्याही रडत होत्या. मी तर सरकारी माणूस. मी गॉगल लावला. ऊन होतं ना.

टरबुजं वेळेवर निघाली, टेम्पो भरून गेला. साहेबांनी फोनवर विचारलं, "झालं का ॲडजस्ट?" मी म्हटलं, झालं. कसं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तरंगता धक्का सोसायटीचे लोक स्वतः ओढून सरकवतात. पहिल्या वेळेस तिघांची कंबर धरली, असं ऐकलं.

दोन्ही जावांचं सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. महिन्याभरात वाटेच्या कडेचे दगड कुणी आत सरकवले ह्यावरून पुन्हा आवाज चढलेच. पण आता भांडतात म्हणजे बोलतात तरी, बाबूभाई म्हणतो. निवृत्तीच्या दिवशी दोघींनी मला एकेक टरबूज पाठवलं, वेगवेगळ्या माणसाच्या हाती, आणि दोघींचा निरोप एकच, कुणाचं गोड लागलं ते कळवा. दोन्ही खाल्ली. कळवलं नाही.

माझ्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअरनं चार्ज घेताना विचारलं, ह्या तलावाबद्दल काही खास सांगायचंय का. म्हटलं, दोनच गोष्टी. जेट्टी बांधायची तर तरंगती बांधा. आणि वाट काढायची वेळ आली तर आधी भांडण कुठं आहे ते शोधा. तिथं पीक नसतं.

त्यानं ते लिहून घेतलं. मी बॅग उचलली आणि कळंबच्या एसटीत जाऊन बसले. सुटेपर्यंत झोप लागली होती.